एका कबरीचे दोन मायकल

मेल्यावर तरी माणसाची कचेऱ्यांतून सुटका होते, अशी माझी साठ वर्षं भाबडी समजूत होती. दूध संघाच्या ऑफिसात एकतीस वर्षं कारकुनी करून पेन्शनीत निघालेल्या माणसाने इतकं भाबडं असू नये. पण होतो. त्या समजुतीला सुरुंग लागला तो जुलैमधल्या कबरींच्या रविवारी.

त्या रविवारी आयर्लंडातलं आमचं सगळं किलवार्डा गाव जुन्या कबरस्तानात जमतं. घरात ज्यांनी जन्मात फडकं हातात धरलेलं नाही, असे बाप्ये आठवडाभर आधीपासून दगड घासत असतात. मग फादर हॅन्ली येतात आणि एकेका कबरीवर तीर्थ शिंपडत जातात. आमच्या कबरीपाशी मात्र ते एकदा डावीकडे शिंपडतात, एकदा उजवीकडे शिंपडतात आणि कुणाकडेही न बघता पुढे सटकतात. कारण त्या कबरीवर दोन घरं हक्क सांगतात. डावीकडे आम्ही उभे राहतो, आमची लाल फुलं. उजवीकडे ते, त्यांची पिवळी.

भांडणाचं मूळ त्या दगडात आहे. अक्षरागणिक पैसे घेणाऱ्या कुठल्याशा पाथरवटाने त्यावर एवढंच कोरलंय: ‘मायकल ग्लीसन, त्याची बायको ब्रिजेट, आणि त्यांची माणसं.’ साल नाही, वाडी नाही, काही नाही. आता किलवार्डात दगड भिरकावला तर तो ग्लीसनालाच लागणार. थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायचं ही आमची रीत, त्यामुळे तो ग्लीसन मायकल असण्याचाही संभव दांडगा. मग ओळखायचं कसं? तर टोपणनावांनी. आमच्या कुणा पूर्वजाने चर्चची घंटा वाजवली म्हणून आम्ही ‘घंटेवाले’ ग्लीसन. ते पलीकडे दलदलीच्या कडेला राहतात म्हणून ‘दलदलवाले’. गावात सगळं सुरळीत चालतं. पण कागदावर घंटाही नाही आणि दलदलही नाही. कागदावर सगळे नुसते ग्लीसन.

तर त्या रविवारी डीलिया आत्याने माझ्या बरगडीत कोपर मारलं. डीलिया ही माझ्या वडिलांची बहीण. वय चौऱ्याऐंशी, लग्न केलं नाही, आमच्याच घरी असते, म्हणजे आम्ही तिच्या घरी असतो.

“कॉन, तो बघ माप घेतोय!”

‘तो’ म्हणजे मॉसी ग्लीसन. दलदलवाल्यांचा शेवटचा पुरुष, वय शहाऐंशी, तोही बिनलग्नाचा. आत्या आणि तो साठ वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. का, ते गावात कुणालाच माहीत नाही, त्यामुळे कारणं भरपूर आहेत.

“काठी टेकतोय गं तो,” मी म्हणालो.

“काठी टेकणारा आकडे मोजतो का? ओठ बघ त्याचे.”

“प्रार्थना म्हणत असेल.”

“दलदलवाला आणि प्रार्थना! कॉन, तुझी आई साधी होती, पण तू म्हणजे अगदीच हा.”

मी कबरी खणणाऱ्या टिमीला गाठलं. टिमीने फावड्यावर हनुवटी टेकवून शांतपणे सांगितलं, “एकच जागा उरलीय त्यात. जो आधी येईल त्याला.” जणू काही बसमधली सीटच. जुनं कबरस्तान भरल्यामुळे बंद झालंय. ज्यांच्या घराण्याची कबर आहे आणि तिच्यात जागा आहे, त्यांनाच तिथे प्रवेश. बाकीच्यांनी बायपासवरच्या नव्या कबरस्तानात जायचं, टायरच्या गोदामामागे.

“मी टायरच्या मागे जाणार नाही,” आत्याने गाडीत बसल्याबसल्या जाहीर केलं. “जन्मभर आपल्या माणसांत राहिले. तिथे उजवीकडे कोण, डावीकडे कोण, काही पत्ता नाही.”

“आत्या, तेव्हा काही कळणार नाही तुला.”

“मला कळेल.”

 वसंतातच डॉक्टरांनी तिच्या हृदयात नळी घातली होती आणि बाहेर येऊन माझ्यापाशी ‘वर्ष, फार तर दोन’ अशी भाषा केली होती. आत्याला ते मी सांगितलं नव्हतं. तिने डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. मला ती एवढंच म्हणाली, “कॉन, एक काम कर माझं. ती जागा माझ्या नावावर करून दे. दुसरं काही मागत नाही.” तिने खरंच कधी काही मागितलं नव्हतं. हुकूमच सोडले होते.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. आमच्याकडे मुलगा मुलीला ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असलं काही म्हणत नाही. एक तर जीभ रेटत नाही, आणि रेटलीच तर मुलीला वाटतं की बुवा पिऊन आलाय. तो विचारतो, ‘माझ्या माणसांत पुरून घ्यायला आवडेल का तुला?’ झालं, ठरलं लग्न. माझ्या वडिलांनी असंच विचारलं, आजोबांनी असंच विचारलं. मी फिलोमिनाला दूध संघाच्या काट्यापाशी विचारलं, तेव्हा तिने “तिथे ओल किती आहे?” अशी रास्त चौकशी करून होकार दिला होता. त्यामुळे जागा एकच उरलीय आणि ती आत्याला हवीय हे ऐकल्यावर फिलोमिनाने बटाटे सोलता सोलता सुरी खाली ठेवली. “म्हणजे मला काय सांगून आणलंस, आणि ठेवणार कुठे? टायरच्या मागे?” तेहतीस वर्षांच्या संसाराला फसवणुकीचं कलम लागलं. पण आत्याचा शब्द आमच्या घरात तीही मोडत नाही. तिने सुरी पुन्हा उचलली आणि मी कामाला लागलो.

नगर कचेरीत मिस लॉफनन नावाची तिशीची बाई बसते. अतिशय गोड बोलते, म्हणजे काम होणार नाही हे उघडच होतं.

“हक्काचा पुरावा लागेल. कबरींच्या वहीतली नोंद.”

“द्या की मग.”

“ती वही बावीस साली जळली.”

एकोणीसशे बावीसच्या लढाईत डब्लिनचा दप्तरखाना जळून खाक झाला, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तेव्हापासून या देशात एखादा कागद सापडत नसला की तो बावीस साली जळला असं म्हणायची सोय झालीय. मी मात्र कारकून. सहज विचारलं, “वही होती कुठे?”

“इथेच. या कपाटात.”

“आणि आग डब्लिनला? शंभर मैलांवर?”

मिस लॉफननने क्षणभर विचार केला. “वारा असेल,” ती म्हणाली.

मग वही नाही तर दुसरा पुरावा आणा, म्हणाली. जुनं वर्तमानपत्र, कोर्टाचं कागदपत्र, काहीही चालेल. आणि समोरच्या पक्षाचा आक्षेप नको. मला वाटलं, आठवड्याचं काम आहे. मला आठ महिने लागले.

शेजारच्या कन्सेप्टा हॉफने पहिल्याच दिवशी सल्ला दिला. “कागद कसले चिवडतोस? नळीत थुंक आणि डीएनए तपासायला पाठव. थुंकीत सगळं असतं.” तिने स्वतःची पाठवली होती आणि ती चार टक्के उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या समुद्री चाच्यांची निघाली होती. तेव्हापासून ती भर थंडीत खिडक्या उघड्या टाकते. मीही थुंकलो. सहा आठवड्यांनी उत्तर आलं की मी ज्या खुर्चीत बसून थुंकलो तिच्यापासून बारा मैलांच्या आतला मी नव्व्याण्णव टक्के आहे, आणि माझी सगळ्यात जवळची सापडलेली नातेवाईक म्हणजे कन्सेप्टा हॉफ. आता ती दार न वाजवता आत येते. शिवाय अमेरिकेत सहाशे बारा भाऊबंद निघाले. त्यांतल्या ओहायोच्या रँडल ग्लीसनने तर लांबलचक पत्र पाठवलं. आपल्या पूर्वजांची कबर आहे हे वाचून त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याची राख तिथे ठेवायला किती जागा लागेल, अशी त्याने पृच्छा केली होती. एका जागेला दोन दावेदार होते, ते तीन झाले.

“थुंकीने कबर मिळत नाही,” आत्या म्हणाली. “जा वाचनालयात.”

वाचनालयात जिल्ह्याच्या जुन्या साप्ताहिकाच्या मायक्रोफिल्मच्या फिती आहेत. यंत्राचं चाक फिरवायचं आणि पडद्यावर धावणारी पानं वाचायची. पहिल्या दिवशी मला घेरी आली. दुसऱ्या दिवशी मी १८८३ सालच्या सलगम-स्पर्धेत इतका रंगलो की जेवायला उठलो नाही. तिसऱ्या दिवशी मला मायकल ग्लीसन सापडला.

आणि काय सापडला म्हणता! त्या काळी दर पंधरवड्याला किरकोळ गुन्ह्यांचं कोर्ट भरायचं आणि साप्ताहिकात त्याचा इतिवृत्तांत यायचा. त्यात किलवार्डाचा मायकल ग्लीसन पाच वर्षांत चौदा वेळा उभा! बिनपरवाना कुत्रा पाळला. बकरी रस्त्यावर मोकाट सोडली. कंदील न लावता गाढवगाडी हाकली. झिंगून गाढवावर उलटा बसला आणि हवालदाराला देशाच्या स्थितीवर भाषण दिलं. या शेवटच्या कामगिरीबद्दल त्याला सात दिवसांची कैद झाली होती. देशाच्या स्थितीवर! म्हणजे देशभक्तच की तो. कैद झालेला पणजोबा आमच्या गावात ज्याच्या घराण्यात नाही, त्याला बारमध्ये कोपऱ्यात बसावं लागतं. मी तडक बारमध्ये जाऊन मधल्या स्टुलावर बसलो आणि सगळी हकीकत सांगितली. लोकांनी पाठ थोपटली. दोन दिवस मी चालतानाही जरा उलटा बसल्यासारखा चालत होतो.

तिसऱ्या दिवशी फितीत तपशील दिसला. वार्ताहराने एका ठिकाणी त्या गाढववाल्याचं टोपणनाव दिलं होतं. दलदलवाला. म्हणजे मी पदरचे पैसे घालून, डोळ्यांची वाट लावून, मॉसीच्या आजोबांची कीर्ती भर बारमध्ये गाऊन आलो होतो. मग मोजलं. त्या दशकात आमच्या गावात मायकल ग्लीसन नावाचे नऊ इसम होते, आणि त्यांतल्या चौघांच्या बायका ब्रिजेट.

आमचा मायकल, म्हणजे माझे पणजोबा आणि आत्याचे आजोबा, नोव्हेंबरच्या अंकात सापडले. १८८७. आणि सापडले ते फिर्यादी म्हणून! हे वाचून मी खुर्चीत खचलो. आमच्या गावात चोर पणजोबा चालतो, दारुडा चालतो. पोलिसाकडे आपल्या पायांनी चालत गेलेला पणजोबा चालत नाही. मी आजूबाजूला पाहून चाक जरा पुढे सरकवलं. पण खाली ‘कबर’ हा शब्द दिसला आणि मी ते पुन्हा मागे आणलं.

झालं होतं ते असं. दलदलवाल्या मायकलची आई वारली. तिच्यासाठी कबर खणली, ती नेमकी हीच. शवपेटी फाटकात पोचते न पोचते तोच आमचे पणजोबा त्या खड्ड्यात उतरले आणि मांडी घालून बसले. ‘ही जागा माझी आहे आणि मी ती आत्ताच घेतो,’ म्हणाले. तासभर समजुती काढून झाल्यावर दलदलवाल्याने त्यांना कॉलरला धरून वर ओढलं, म्हणून मारहाणीची फिर्याद. साप्ताहिकाने सवालजवाब जसेच्या तसे दिले होते.

‘न्यायाधीश: ही कबर कुणाची? साक्षीदार: जो आत असेल त्याची. (हशा.) न्यायाधीश: आत तर फिर्यादी होता. साक्षीदार: पण तो जिवंत होता, साहेब. (मोठा हशा.)’

शेवटी न्यायाधीशांनी कपाळाला हात लावला. घरं दोन, साक्षीदार अठरा, सगळे शपथेवर बोलतायत आणि सगळे ग्लीसन. मालकी ठरवणं आपल्या अधिकारात नाही, दोघांनी आपसांत मिटवून पुढच्या महिन्यात यावं, असं सांगून त्यांनी तारीख दिली.

मी पुढच्या महिन्याचा अंक लावला. अंक होता. पान होतं. पानाच्या मधोमध कुणीतरी, फीत बनण्याआधीच, कात्रीने चौकोन कापून नेला होता. मागच्या बाजूला त्या वर्षीच्या सलगम-स्पर्धेचा निकाल होता, हे मी ग्रंथपालबाईंकडून कळून घेतलं. कुणा विजेत्याच्या नातवाने बहुधा तो फ्रेम करून लावला असावा. एका सलगमाने आमच्या घराण्याचा निकाल खाल्ला!

घरी आत्या वाट बघत होती. ऐकून म्हणाली, “म्हणजे आजोबा खरंच बसले होते खड्ड्यात?”

“तासभर.”

“बघ! मी सांगत होते ना, आपलीच आहे म्हणून.” आणि मग आवाज खाली आणून, “निकाल काय लागला असेल रे? शोधशील ना?”

रात्री जेवताना तिने दोनदा घास खाली ठेवला आणि छाती चोळली. मी दुसऱ्या दिवशी डब्लिनची बस पकडली.

डब्लिनला कोर्टांच्या मूळ वह्या बघायला मिळतात. त्या बावीस साली जळल्या नाहीत, कारण त्या वेळी त्या दप्तरखान्यात पोचल्याच नव्हत्या. सरकारी दिरंगाईचा असा उपयोग होतो. तिथल्या बाईंनी माझा डबा, छत्री आणि पेन काढून घेतलं. पेन म्हणजे दूध संघाने निरोप समारंभात दिलेलं, नाव कोरलेलं. बदल्यात मला दोन इंचांची पेन्सिल मिळाली. एकतीस वर्षांची नोकरी दोन इंचांवर आली.

वही आली. कातडी बांधणीची, वासाने ठसका लागेल अशी. डिसेंबरचं पान. मारहाणीच्या, बकऱ्यांच्या, कुत्र्यांच्या रांगेत चार ओळी होत्या:

‘ग्लीसन विरुद्ध ग्लीसन. फिर्याद मागे घेतली. उभय पक्षांना मान्य की कबर दोन्ही घरांची समाईक आहे. शेवटची जागा दोघांच्या संमतीनेच भरावी.’

खाली सह्यांच्या जागी दोन फुल्या होत्या. एक ठसठशीत, एक जरा कलती. लिहिता येत नसलेल्या दोन माणसांनी टाक हातात धरून, जीभ बाहेर काढून काढलेल्या. मी दोन इंची पेन्सिलीने त्या फुल्यांसकट सगळी नोंद उतरवून घेतली. मग लक्षात आलं की पंचाईत होती तशीच आहे. समाईक! म्हणजे मॉसीच्या सहीशिवाय आत्याला जागा नाही. तिने साठ वर्षं ज्याचं नाव उच्चारलं नाही, त्याच्या सहीशिवाय.

दुसऱ्या दिवशी आत्या स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसली होती. मी वाचून दाखवलं. 

“पुन्हा वाच.”

मी पुन्हा वाचलं.

“दोन्ही घरांची?”

“समाईक, असं लिहिलंय.”

“मूर्ख,” ती म्हणाली.

“कोण गं?”

“मी. आणि तोही.” तिने वाटाण्याचं भांडं बाजूला सारलं. “एकोणसाठ साली नाच झाला हॉलमध्ये, तिथून घरी येताना पुलावर थांबला. म्हणाला, ‘डीलिया, माझ्या माणसांत पुरून घ्यायला आवडेल का तुला?’”

मी वहीची नक्कल हातात धरून तसाच उभा. फिलोमिनाने चुलीवरचं आधण उतरवलं.

“कोण, मॉसी?”

“नाही, पोप! मॉसीच की. माझ्या मनातही होतं. खूप होतं. पण मी म्हटलं, ‘तुझी माणसं? ती कबर आमची आहे. माझे आजोबा आत बसले होते तिच्यात.’ तो म्हणाला, ‘बसले होते, पण माझ्या आजोबांनी उठवलं.’ बाबांनी मला लहानपणापासून बजावलेलं, त्या कबरीवरचा हक्क सोडायचा नाही. मी हो म्हटलं असतं तर कबर त्यांची ठरली असती ना!”

“मग तू नाही म्हणालीस?”

“नाही कधी म्हणाले? मी म्हटलं, ‘आधी कबर कुणाची ते कबूल कर.’ आणि सायकलवर बसून आले. वाटलं, येईल उद्या. त्यालाही वाटलं असेल, ही येईल.” तिने डोळे पुसले नाहीत, नुसत्या पापण्या मिटल्या-उघडल्या. “दोघांची होती रे, कॉन. लिहून ठेवलं होतं मेल्यांनी. कुणाला सांगितलं नाही.”

आत्याला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही ती मला बघू द्यायची नव्हती, म्हणून मी कोट चढवून सरळ मॉसीच्या घरी गेलो. दलदलवाल्यांचा उंबरा ओलांडणारा मी पहिला घंटेवाला. त्याने दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, “ये रे घंटेवाल्या. माझ्या आजोबांबद्दल बारमध्ये छान बोललास म्हणे.”

मी तो अपमान गिळला, चहा प्यायलो आणि कागद पुढे केला. त्याने चष्मा लावून बराच वेळ वाचला. बोट त्या दोन फुल्यांवर टेकवलं आणि तिथेच ठेवलं.

“मॉसीकाका, त्या रविवारी तुम्ही माप घेत होता ना?”

“घेत होतो.”

“स्वतःसाठी?”

“टिमी म्हणाला, जागा एकच आहे. पण पहिल्याला खोल खणलं तर वर दुसरं मावतं. तर मी बघत होतो.” त्याने चष्मा काढला. “तिचं ते हृदयाचं ऐकलं होतं. म्हटलं, टायरच्या मागे तिला आवडायचं नाही.”

 मी कपातला गार चहा संपवला आणि मंगळवारी दोघांच्या अर्जावर सही करायला कचेरीत या, एवढं सांगून निघालो.

मंगळवारी आत्याने निळा कोट घातला, जो ती फक्त बिशप आला की घालते. मॉसी आधीच येऊन बसला होता, टाय लावून. त्यांच्यामध्ये एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर मी माझी फाइल ठेवली. दोनशे बारा पानं, खुणेच्या चिठ्ठ्या, अनुक्रमणिका. मी ती मिस लॉफननपुढे सरकवली. तिने ती जशीच्या तशी माझ्याकडे परत सरकवली.

“दोघांचीही सही आहे ना अर्जावर? मग पुरावा लागत नाही.”

“लागत नाही?”

“आक्षेपच नाही तर पुरावा कशाला?”

“हे तुम्ही आठ महिन्यांपूर्वी सांगितलं असतंत तर—”

“सांगितलं होतं. आक्षेप नको, म्हणाले होते मी.” ती गोड हसली. मी फाइल मांडीवर घेऊन बसलो. कुणीतरी ती धरायला हवीच होती.

मिस लॉफननने अर्जावरून पेन फिरवत नेलं आणि एका चौकटीपाशी थांबली. “हे रिकामं आहे. अर्जदारांचं आपसांतलं नातं. एका कबरीला दोन अर्जदार असले तर नातं लिहावंच लागतं.”

“शेजारी लिहा,” मी म्हणालो.

“शेजारी हे नातं नाही.”

“दोघंही ग्लीसन आहेत.”

“इथे सगळेच ग्लीसन आहेत.”

 मग मॉसीने घसा साफ केला. आत्याकडे न बघता, समोरच्या कपाटाकडे बघत, तो म्हणाला, “असं लिहा, की यांना मी एकोणसाठ साली एक प्रश्न विचारला होता. उत्तर यायचंय.”

मिस लॉफननचं पेन हवेतच राहिलं. तीही किलवार्डाचीच मुलगी. कुठला प्रश्न, हे तिला सांगावं लागलं नाही.

“प्रश्न नीट विचारला नव्हता,” आत्या कपाटालाच म्हणाली. “‘माझ्या माणसांत’ म्हणाला होता.”

मॉसी काठी टेकून उठला. त्याला वेळ लागला. मी हात पुढे केला तो त्याने झटकला. मग तो आत्याच्या समोर येऊन उभा राहिला.

“डीलिया,” तो म्हणाला, “आपल्या माणसांत पुरून घ्यायला आवडेल का तुला?”

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. साठ वर्षांत पहिल्यांदा, सरळ. 

“लिही गं,” ती मिस लॉफननला म्हणाली. “हो, म्हणून लिही.”

मिस लॉफननने लिहिलं. काय लिहिलं ते मला वाचता आलं नाही, कारण माझ्या चष्म्यावर धुकं आलं होतं, आणि त्या कचेरीत हीटर फार असतो. तिने शिक्का मारला, एक प्रत आत्याला दिली, एक मॉसीला. मला काही नाही.

बाहेर पायऱ्यांवर वारा होता. आत्याने मॉसीचा मफलर ओढून नीट केला, जरा जोरातच.

“टिमी सांगत होता, पहिल्याला खोल खणायचं, दुसरा वर,” ती म्हणाली. “ऐकतोयस ना? तेव्हा उगाच घाई करायची नाही.”

मॉसीने काठी दुसऱ्या हातात घेतली आणि तिला आपला कोपर दिला.

“मी,” तो म्हणाला, “घाई कधी केली?”